हे कुत्रं तुमचं का?

"नाही हो. माझं नाही ते."

पाच शब्द. गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी दिवेलागणीला मी ते बोलले आणि पुढे कितीतरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तेच कानात वाजायचे. आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या गेटशी पंधरा-वीस माणसं जमली होती. बी विंगमधल्या सहा वर्षांच्या मुलीच्या पोटरीला कुत्री चावली होती. मागच्या कुंपणापाशी पडलेल्या सिमेंटच्या पाइपात त्या कुत्रीनं पिल्लं घातली होती आणि चेंडू नेमका तिथे गेला होता. मी बागेच्या नळाखाली पोरीचा पाय धरून बसले होते. साबण, वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पाणी गार होतं, तिचे दात वाजत होते, आणि दर मिनिटाला ती विचारत होती, "झालं का मावशी?" तिची आई ओढणीचं टोक तोंडात धरून शेजारी उभी. धुऊन झालं, मी गुडघ्यावर हात टेकून उठले, तर माझ्या पायाशी तो उभा. रोजच्यासारखा, जरा अंग चोरून. त्या माउलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टर, हे तुमचंच ना? सारखं तुमच्याच मागे असतं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

चावणारा तो नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिलाही. तरी मी पटकन ते पाच शब्द बोलले. तीस वर्षं नर्सची नोकरी करतेय, इमारतीतलं लहान-मोठं दुखणं आधी माझ्या दाराशी येतं, आणि त्या क्षणी मला चावणाऱ्यांच्या बाजूचं कुणी म्हणून दिसायचं नव्हतं. माझा आवाज ऐकून त्यानं शेपूट हलवली. त्याला कळलं ते एवढंच की मी बोलले. कुणीतरी काठी जमिनीवर आपटली, "हाड!" म्हणून ओरडलं. तो तीन पावलं पळाला, थांबला आणि वळून पाहिलं. काठीकडे नाही, माझ्याकडे.

मग रिक्षा, दवाखाना, दंडात लस, जखमेभोवती सीरमची टोचणी, पोरीचं रडणं. रात्री साडेदहाला घरी आले. हात तीनदा धुतले.

त्याची नि माझी ओळख दोन वर्षांची. माझी पहिली पाळी सातची, इस्पितळ मुंबईत, म्हणजे घरातून पाच दहाला निघावं लागतं. गेटपासून नेरुळ स्टेशनपर्यंत चालत चौदा-पंधरा मिनिटं. दोन पावसाळ्यांपूर्वी एका पहाटे अख्ख्या रस्त्याचे दिवे गेले होते. पाऊस नुकता थांबलेला, झाडांवरून थेंब पडत होते आणि मागून एक मोटरसायकल अगदी हळू येत होती. पुढे जाईना, थांबेना. मी छत्री मुठीत घट्ट धरली. तेवढ्यात इस्त्रीवाल्याच्या हातगाडीखालून एक काळं धूड उठलं, अंग झाडलं, आणि माझ्या डाव्या बाजूनं चालायला लागलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, नुसतं चालत राहिलं. पुढच्या चौकात मोटरसायकल वेग घेऊन निघून गेली. तो स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत आला आणि तिथे बसला. मी वर जाऊन वळून पाहिलं, तेव्हा तो पाय वर करून कान खाजवत होता. त्याच्या लेखी काम झालं होतं.

त्या दिवसापासून रोज. माझ्या साप्ताहिक सुट्टीला तो काय करतो, मला माहीत नाही. दुपारी मी परत येते तेव्हा तो कुठे असतो, तेही नाही. आमचं नातं पाच दहा ते पाच पंचवीस एवढंच. कधी मी अर्धी पोळी नेते. तो ती तोंडात धरतो आणि पुष्कळदा न खाता तशीच घेऊन चालतो, पायऱ्यांपाशी गेल्यावर खातो. म्हणून तो पोळीसाठी येतो असं मला कधी वाटलं नाही. ऑक्टोबर सरता सरता आमच्या रस्त्यावर सप्तपर्णी फुलते. तो वास पहाटे इतका जड असतो की डोकं धरतं. त्या दिवसांत तो मध्ये मध्ये थांबून नाक वर करतो, डोळे बारीक करतो, आणि मी दोन पावलं पुढे गेले की धावत येऊन पुन्हा डावी बाजू धरतो. खाडीकडून वारा असला तर मात्र थांबत नाही. त्या वासाला चिखल, मासळी, काहीतरी कुजलेलं असं सगळं असतं, आणि त्यातलं त्याला काय काय कळत असेल ते त्यालाच माहीत.

मराठीत याला एक फार चांगला शब्द आहे. सोबत. "काळोख आहे, कुणीतरी सोबत घेऊन जा" असं आपण पोरींना सांगतो. सोबत करणाऱ्यानं काही करायचं नसतं. त्यानं असायचं असतं.

त्याला नाव नाही, किंवा फार आहेत. जालन्याचे आमचे वॉचमन दादा त्याला शेरू म्हणतात. इस्त्रीवाला मोती म्हणतो. दूधवाल्याचा तो काळ्या, आणि त्या चावलेल्या मुलीचाच तो पूर्वी बिस्कीट होता. मी काहीच म्हणत नाही. "चल" म्हणते. पण मनातल्या मनात मी त्याला कायम 'तो' म्हणत आले आहे, आणि त्या संध्याकाळी माझ्या तोंडून 'ते' आलं. आपल्या भाषेत हे फार सहज होतं. घरातला कुत्रा 'तो' असतो, रस्त्यावरचं कुत्रं 'ते'. माझं नाही ते. नाकारण्याच्या आधीच मी त्याला नपुंसकलिंगात ढकललं होतं. झोप येईना त्यातलं अर्धं कारण हे होतं.

माझी आजी पाटणकडच्या खेड्यात राहायची. मे महिन्यात आम्ही कोपरखैरण्याहून एस.टी.नं जायचो. वडील माथाडी कामगार, त्यांना सुट्टी मिळाली तर तेही यायचे. आजीच्या ओट्याशी एक पिवळं कुत्रं बसलेलं असायचं. रात्रीची भाकरी झाली की शेवटची चतकोर त्याची. ती शिळी नसायची, तव्यावरून उतरलेली, फुंकर घालून निववलेली असायची, कारण गरम टाकली तर त्याची जीभ पोळेल. मी एकदा विचारलं, "आज्ये, हे आपलं हाय?" ती म्हणाली, "आपलं कशाचं? आळीचं हाय."

आळीचं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. त्या पिवळ्या कुत्र्याला गळपट्टा नव्हता, पण आळीतली नऊ घरं त्याला नऊ चतकोर घालायची. परका माणूस आळीत शिरला की ते आधी भुंकायचं आणि मग आळीतलं कुणी "अरं पाव्हणं हायेत" म्हणालं की गप्प व्हायचं. ते पिसाळलं असतं तर आळीनंच त्याचं काय ते केलं असतं. तो निर्णयही कुणा एकाचा नव्हता. 'माझं' आणि 'कुणाचंच नाही' यांच्या मधोमध एक जागा होती, आणि त्या जागेला शब्द होता. आमच्या या शहरात सेक्टर आहेत, प्लॉट नंबर आहेत, ए विंग-बी विंग आहेत. सेक्टरचं कुत्रं असं कुणी म्हणत नाही. इथे विचारतात, तुमचं का? नाही? मग विषय संपला.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री फिरताना दिसली, ते आठवत असेल. कासाडी नदीत रंगाचं पाणी येत होतं, खाणं शोधायला ती त्यात उतरायची. अंगावरचे पांढरे केस फिकट निळे झाले होते. प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखान्याला टाळं लावलं. मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले होते. नदी कितीतरी दिवस तशीच वाहत असणार, पण ती कुणाची नव्हती. कुत्रीही कुणाची नव्हती. फक्त ती रंग अंगावर घेऊन आपल्या रस्त्यावर आली, म्हणून आपल्याला दिसलं.

श्वान नसबंदीचे २०२३ चे जे नियम आहेत त्यांत या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलंय. शब्द कोरडा आहे, पण तो 'आळीचं' याचंच सरकारी भाषांतर आहे असं मला वाटतं. आणि त्या रविवारच्या दोनच दिवस आधी, ७ नोव्हेंबर २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता की शाळा-कॉलेजं, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री उचलावीत, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. गेटशी त्या दिवशी हेच चाललं होतं, "आता कोर्टानंच सांगितलंय." माझ्या दिवसाची दोन टोकं म्हणजे स्टेशन आणि इस्पितळ. दोन्ही त्या यादीत आहेत. तो मधल्या रस्त्याचा.

आणि त्या आईची बाजू चूक आहे असं मी म्हणणार नाही. मला ते म्हणताच येणार नाही. शिकत असताना मी रेबीजचा एक रुग्ण पाहिला आहे. शहापूरकडचा जवान मुलगा, वीस-बावीसचा. अंगणातल्या पिल्लानं बोट चावलं होतं, घरच्यांनी तिखट-हळद लावली होती आणि दोन महिने सगळं विसरूनही गेले होते. त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. तहान लागली म्हणून तो स्वतःच पाणी मागायचा, आणि पेला ओठांपाशी आला की त्याचा घसा असा आवळायचा की आख्खं शरीर मागे फेकलं जायचं. पंख्याचा वारासुद्धा सहन होत नव्हता. मधूनमधून तो पूर्ण शुद्धीवर यायचा. ते सगळ्यात वाईट होतं. मला म्हणाला, "ताई, पिल्लू चांगलं होतं हो." तिसऱ्या दिवशी गेला. लक्षणं दिसली की आपल्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. आधी लस घेतली तर मात्र माणूस वाचतो. म्हणून ०, ३, ७, १४, २८ हे लसीच्या दिवसांचे आकडे मला देवाच्या नावासारखे पाठ आहेत. आजवर किती दंड धरले असतील या लसीसाठी, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी पेल्यातलं ते पाणी आठवतं.

तर भीती मला माहीत आहे. आणि तरी रोज पहाटे माझी डावी बाजू मी त्याच्यासाठी मोकळी ठेवते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत.

ऑक्सिटोसिन आमच्या वॉर्डात फ्रिजमध्ये असतं. बाळ बाहेर आलं की आईला दहा युनिटं मांडीत द्यायची, म्हणजे गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव थांबतो. प्रसूती कक्षात मी काही वर्षं काढली, ती काचेची छोटी कुपी माझ्या बोटांच्या सवयीची आहे. हेच द्रव्य आईला दूध येताना तिच्या अंगात आपोआप तयार होतं, बाळाकडे पाहताना वाढतं. २०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी माणसं आणि त्यांचे कुत्रे यांना अर्धा तास एका खोलीत एकत्र ठेवलं आणि आधी-नंतर दोघांची लघवी तपासली. ज्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहत होत्या, त्यांच्यात ऑक्सिटोसिन वाढलेलं निघालं. माणसातही आणि कुत्र्यातही. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. हे वाचलं तेव्हा मला एकदम ती कुपी आठवली, तिच्या मानेवरची ती बारीक रेघ, जिथून ती मोडायची. मग त्या संध्याकाळची नजर आठवली. तीन पावलं पळून वळलेली. माझ्या अंगात त्या क्षणी काय वाढलं असेल आणि त्याच्या अंगात काय?

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मी कुणालाही सांगताना थांबत नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. शंभरहून अधिक वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या पिल्लाच्या दातांच्या अभ्यासावरून असं मांडलं गेलं की ते साधारण सात महिन्यांचं असताना मेलं आणि त्याआधी त्याला डिस्टेंपरसारखा, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा सांसर्गिक आजार होऊन गेला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माणसानं सांभाळल्याशिवाय ते इतके आठवडे तगणं शक्यच नव्हतं. एवढंच शास्त्र. पुढचं माझ्या डोळ्यांपुढे येतं, कारण ते मी रोज करते. त्या पिल्लाला ताप असणार, उलट्या-जुलाब असणार. कुणीतरी त्याचं तोंड पुसलं. कुणीतरी चामड्यात गुंडाळून उबेला ठेवलं. बोटानं पाणी पाजलं, घाण काढली, रात्री उठून श्वास चालू आहे का ते बघितलं. शिकारीला ते काडीच्या उपयोगाचं नव्हतं, उलट चार घास खाऊन बसत होतं. चौदा हजार वर्षांपूर्वी, बर्फाच्या काळात, कुणीतरी त्याची शुश्रूषा केली. आमच्या पेशाचं नाव तेव्हा नव्हतं. पेशंट मात्र होता.

वडील महाभारत फार सांगायचे. कांदा-बटाटा मार्केटातून आले की पाठीला तेल लावून घेत पालथे पडायचे आणि तोंडानं गोष्ट चालू. स्वर्गाच्या दाराची गोष्ट सांगताना ते हमखास एका वाक्यावर अडायचे. "ते कुत्रं धर्मराजाचं नव्हतंच गं. हस्तिनापुरापासनं मागं लागलं होतं, एवढंच." मला लहानपणी यात काही कळायचं नाही. इंद्र सांगतो, कुत्र्याला आत घेता येणार नाही, आणि युधिष्ठिर म्हणतो, जो भक्तीनं मागे आला त्याला टाकणं ब्रह्महत्येइतकं पाप आहे, मग मीही येत नाही. किती सोपं होतं त्याला, "माझं नाही ते" म्हणणं. आणि ते खोटंही ठरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी मुद्दाम पाच मिनिटं उशिरा निघाले, काय वाटून ते मलाच ठाऊक नाही. तो गेटबाहेर उभा होता. वॉचमन दादा म्हणाले, "ताई, पाच मिनटं झाली, सारखं वर बघतंय तुमच्या खिडकीकडं." मी काहीच बोलले नाही, "चल"सुद्धा नाही. तो डावीकडून चालायला लागला. त्याच्या हिशेबात कालचं काही नव्हतंच. त्यानं रुसावं, जरा लांबून चालावं, असं मला वाटत होतं. मला ते हवं होतं. सप्तपर्णीखाली तो थांबला, नाक वर केलं, डोळे बारीक केले. मग धावत येऊन त्याचं ओलं नाक माझ्या लोंबत्या हाताला लागलं. पायऱ्यांपाशी बसला. मी वर गेले आणि लोकलमध्ये मानखुर्द येईपर्यंत मला रडू येत होतं.

मुलीची इंजेक्शनं नीट झाली. प्रत्येक वेळी मी बरोबर गेले. शेवटचं ७ डिसेंबरला झालं. ती कुत्र्यांना अजून घाबरते. बिस्कीट दिसला की आईच्या मागे जाते. तो तिला ओळखतो, लांबून शेपूट हलवतो, जवळ जात नाही. सोसायटीची मीटिंग झाली, बरीच आरडाओरड झाली, आणि शेवटी सेक्रेटरी काकांनी ठरवलं की आवारातल्या आणि रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना लस द्यायची. पाइपातल्या त्या कुत्रीलासुद्धा.

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी सकाळी प्राण्यांचे डॉक्टर आले, बर्फाची पेटी घेऊन. बरोबर एक मदतनीस पोरगा, हातात जाड वही. गेटशी पुन्हा माणसं जमली, बहुतेक तीच. दोन कुत्री जाळ्यात धरावी लागली, फार किंचाळली. मग तो आला, माझ्या मागोमाग. मदतनीसानं पेन उघडलं, वहीकडे बघतच विचारलं, "हे कुणाचं? मॅडम, तुमचं का?"

"धरते मी त्याला," म्हणाले.

मी खाली बसले. डावा हात त्याच्या छातीखालून घेतला, उजव्या हातानं मान कवळली, जसा लहान मुलाचा दंड धरतो तशी, घट्ट पण आवळून नाही. दोन वर्षांत मी त्याला असं कधी धरलं नव्हतं. बाहेरून राठ वाटणारे केस आत मऊ होते, कोमट. उजव्या कानाला नसबंदीची जुनी खाच होती, तिची कड माझ्या गालाला लागत होती. त्याचं काळीज माझ्या तळहातावर इतकं जोरात आपटत होतं की मला माझं वेगळं कळेना. तो थरथरत होता, पण हलला नाही. डॉक्टरांनी मानगुटीची कातडी उचलली, सुई गेली आणि आलीसुद्धा.

बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून, खिडकीच्या ग्रिलला नाक लावून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर मावशी, त्याला पण पाच वेळा?"

"नाही गं," मी खालूनच सांगितलं. "त्याला एकदाच. आता पुढच्या वर्षी."

तिनं जरा विचार केला. "रडला का तो?"

"नाही."

"मी पण शेवटच्या वेळेला नव्हते रडले," ती म्हणाली. मदतनीस वहीत काहीतरी लिहीत होता. मी अजून त्याला धरून बसले होते.